पाण्याच्या वेळा सांगणारं ॲप: अंधांसाठी वेगळा 'मोड' द्यावा का?

चाटी_गल्लीकर

नमस्कार मंडळी. सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे इथे सांगायला नको. कुठल्या भागात कोणत्या वारी किती वाजता येणार, आज उशीर आहे का, आणि पाइप फुटला तर तक्रार, एवढंच काम करणारं ॲप आम्ही काही जण मिळून बनवतोय. सरकारी नाही, जाहिराती नाहीत. आधी अँड्रॉइड (कोटलिन भाषा, स्क्रीन बनवायला जेटपॅक कंपोज), आयफोन नंतर.

स्क्रीन पाच आहेत. आठवड्याचा तक्ता, नकाशा, तक्रार (फोटो सक्तीचा), ओटीपीचं लॉगिन, सूचना. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, पहिल्याच स्क्रीनवर 'अंध मोड' असं मोठं बटन द्यावं. ते दाबलं की चार मोठ्या बटनांची वेगळी स्क्रीन येईल आणि ॲप स्वतःच बोलेल. दुसऱ्याचं म्हणणं, टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज) आहे की, आपण काही करायची गरज नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा.

टॉकबॅकताई

मोड नको. आणि 'काही करायची गरज नाही' हेही नको.

ज्याला अजिबात दिसत नाही त्याचा फोन आधीपासूनच बोलतोय. त्यात ॲप बोलायला लागलं की दोन आवाज एकमेकांवर चढतात आणि दोन्ही कळत नाहीत. टॉकबॅकचा वेग, भाषा, आवाज त्याने आपल्या कानाला जुळवून घेतलेला असतो. तुमच्या आवाजाला ते ठाऊक नसतं. शिवाय वेगळी स्क्रीन म्हणजे सांभाळायला दुसरं ॲपच. मुख्य ॲपमध्ये नवी सोय येते आणि मोड मागे राहतो, हे ठरलेलं.

आता तक्ता. सात रकाने असतील तर टॉकबॅक एकेक चौकोन वाचत जातो: "सहा तीस", "रेघ", "रेघ", "सात". कुठल्या पेठेचं, कुठल्या वाराचं, पत्ता नाही. एका भागाची पूर्ण ओळ एकाच फोकसमध्ये, म्हणजे टॉकबॅकच्या एकाच थांब्यात, आणा. कंपोजमध्ये ओळीच्या मॉडिफायरला सिमँटिक्स (टॉकबॅकला पुरवायची माहिती) लावून 'मर्ज डिसेंडंट्स' (आतलं सगळं एकत्र) चालू करा. वाचन असं हवं: "भवानी पेठ, मंगळवार, सकाळी साडेसहा ते साडेआठ." भागाचं नाव पहिलं, कारण सरावलेला माणूस पहिला शब्द ऐकूनच पुढे सरकतो. प्रत्येक ओळ "आपल्या भागातील पाणीपुरवठ्याची वेळ" अशी सुरू केलीत तर यादी संपेपर्यंत तेच दळण ऐकावं लागेल.

विभागांच्या नावांना हेडिंगचं सिमँटिक्स द्या. एका बोटाने वर आणि लगेच खाली सरकवत राहिलं की वाचनाचा पर्याय बदलतो. 'हेडिंग' निवडलं की खाली सरकवून थेट पुढच्या विभागावर जाता येतं. हेडिंग नसतील तर जुळे सोलापूर गाठायला अख्खं शहर पालथं घालायचं. आणि एकदा निवडलेला भाग कायम यादीच्या वर ठेवा. ही सोय डोळसांनाही हवीच असते.

कडक_भाकरी

म्हणजे पाणी येऊन गेलं तरी यादी चालूच. 😄

बग_वेचक

ताईंना अनुमोदन. त्याच ओळीत सूचनेची घंटा असेल तर एक गोष्ट सांभाळा. ओळ मर्ज केली तरी आतलं दाबता येणारं चिन्ह वेगळा फोकस घेतं आणि त्याला नाव नसेल तर नुसतं "लेबल नसलेलं बटन" असं वाचलं जातं. ओळीमागे एक निनावी बटन. चिन्हाला "भवानी पेठेची सूचना" असं नाव द्या आणि 'चालू' की 'बंद' हे स्टेट डिस्क्रिप्शनमध्ये (स्थिती सांगायची वेगळी जागा) टाका, नावात नको. नावात "बटन" हा शब्दही नको. टॉकबॅक तो स्वतः म्हणतो, मग "तक्रार करा बटन, बटन" असं ऐकू येतं.

यापेक्षा सुटसुटीत म्हणजे घंटा त्या ओळीची कस्टम ॲक्शन (टॉकबॅकच्या मेनूतून करायची कृती) करा. मग ओळीमागे एकच थांबा. पण ॲक्शन मेनूत लपते आणि नवख्याला सापडत नाही, म्हणून ओळ उघडल्यावर आतल्या स्क्रीनवरही तोच स्विच ठेवा.

हिरवा ठिपका म्हणजे वेळेवर, लाल म्हणजे उशीर, असलं काही केलं असेल तर ठिपक्याशेजारी शब्दही लिहा. रंग ऐकू येत नाही.

बहिर्गोल

सगळे 'अजिबात दिसत नाही' इथूनच सुरुवात करताहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्याच बघा. चांगल्या डोळ्याची दृष्टी, चष्मा लावूनही, ३/६० पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तरी माणूस अंध गणला जातो. म्हणजे प्रमाणपत्रावर 'अंध' असलेल्या पुष्कळांना थोडं दिसतं आणि ते डोळ्यांनीच फोन वापरतात. त्यांना टॉकबॅक नको असतो. त्यांना अक्षर हवं असतं.

१. अक्षराचं माप एसपीमध्ये (फोनच्या अक्षराच्या सेटिंगप्रमाणे वाढणारं) द्या, डीपीमध्ये (त्या सेटिंगने न वाढणारं) नाही. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढतं. डब्याची उंची ठरावीक ठेवलीत तर देवनागरीत आधी वरचा रफार आणि अनुस्वार कापले जातात, मग खालचा उकार. "गुरु" चा "गर" होतो. उंची मजकुराप्रमाणे वाढू द्या, ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, आणि 'एकच ओळ, पुढे तीन टिंब' हा प्रकार भागांच्या नावांना लावू नका. मोठ्या अक्षरात "विजापूर रोड" आणि "विजापूर नाका" दोन्ही "विजापू…" होतात.

२. बारीक वजनाचा फाँट नको. जोडाक्षरं विरघळतात.

३. कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) साध्या मजकुराला ४.५ ला १, मोठ्या अक्षराला आणि चिन्हांना ३ ला १. पांढऱ्यावर #९९९९९९ ही करडी छटा डिझायनर मंडळींची लाडकी, पण तिचं गुणोत्तर ३ सुद्धा भरत नाही. #७६७६७६ जेमतेम पास होते.

४. स्क्रीन मोठी करून वापरणाऱ्याला एका वेळी स्क्रीनचा एक तुकडाच दिसतो. डाव्या टोकाला नाव आणि उजव्या टोकाला स्विच असेल तर दोन्ही एकत्र कधीच दिसत नाहीत. पूर्ण ओळच दाबण्याजोगी करा. चुकीचा संदेशही खाली तळाशी नको, ज्या रकान्यात चूक आहे त्याच्या लगेच खाली लिहा. नळीतून बघितल्यासारखं दिसणाऱ्यांनाही हेच लागतं.

५. डार्क थीम फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलू द्या. उजेडाने डोळे दिपणारे तीच वापरतात, पण काहींना काळ्यावरचं पांढरं अक्षर फुटल्यासारखं दिसतं, म्हणून ती लादू नका.

चाटी_गल्लीकर

दीडपट अंतर दिलं तर एका स्क्रीनवर चारच भाग मावतात. डिझाइनवाला कुरकुरतोय.

बहिर्गोल

कुरकुरू द्या. वरच्या सरकत्या चित्रपट्टीला सुट्टी दिलीत तर पाचवाही मावेल.

टॉकबॅकताई

चित्रपट्टी आहे?! आपोआप सरकणारी असेल तर आधी ती काढा. दर काही सेकंदांनी मजकूर बदलतो आणि टॉकबॅकचा फोकस तिथे असेल तर वाक्य अर्धवट तुटून पुढचं सुरू होतं. यादी ताजी करतानाही हीच गंमत होते. कंपोजच्या लेझी यादीत प्रत्येक ओळीला स्थिर 'की' (न बदलणारी ओळख) द्या, नाहीतर सर्व्हरकडून नवी माहिती आली की फोकस उडून वर जातो.

होटगीरोडकर

थोडा वेगळा सूर लावतो. मोड नको म्हणणाऱ्यांच्या डोळ्यासमोर टॉकबॅकमध्ये मुरलेला तरुण आहे. साठीनंतर मधुमेहाने किंवा काचबिंदूने नजर गेलेल्यांचं काय? मधुमेहात बोटांची संवेदनाही कमी होते. मग ब्रेल लागत नाही, दोनदा टॅप करायला वेळ लागतो आणि दोन टॅपमध्ये बोट घसरतं. 'वर आणि लगेच खाली' ही खूण त्यांच्या हातून होत नाही. त्यांना चार मोठी बटनंच बरी.

बग_वेचक

काका, मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उतारा मोड नाही. ती चार बटनं सगळ्यांनाच द्या! पहिली स्क्रीनच तशी करा: माझ्या भागाची वेळ, सगळे भाग, तक्रार, सूचना. तरुण काय नाही म्हणणार आहेत?

हाताच्या अडचणीसाठी ठोस सांगायचं तर दाबण्याची जागा किमान ४८ गुणिले ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि दोन जागांत ८ डीपी अंतर. आयफोनला ४४ पॉइंट. डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष) मध्ये २४ पिक्सेलची किमान मर्यादा आहे, पण ती अगदी तळाची. तिच्यावर समाधान मानू नका.

दाबून धरण्यावर एकही काम अवलंबून ठेवू नका. 'सरकवून तक्रार मागे घ्या' असला पट्टाही नको. टॉकबॅकमध्ये ओढण्यासाठी दोनदा टॅप करून दुसरा टॅप धरून ठेवावा लागतो. हात थरथरत असेल तर ते होत नाही. साधं बटन आणि 'नक्की का?' असा एक प्रश्न पुरे. स्क्रीनच्या अगदी कडेला काही ठेवू नका, तिथे मागे जाण्याची खूण लागून बसते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामाच्या बोटाने स्क्रीन भलतीकडेच लागते, तेव्हा मोठं बटन सगळ्यांचंच भलं करतं.

कडक_भाकरी

मे महिन्यात पाणीच नसतं, ॲप उघडतंय कोण.

सहा_टिंब

कानांनीही कमी ऐकू येणाऱ्यांचा विषय कुणी काढला नाही. अंध आणि बहिरे अशा दोन्ही अडचणी असलेले ब्लूटूथवर ब्रेल डिस्प्ले (ब्रेलची टिंबं उठवून दाखवणारी पट्टी) जोडून वाचतात. आता टॉकबॅकमध्येच त्याची सोय आहे, वेगळं ॲप लागत नाही. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली, खाली येऊन नाहीसा होणारा संदेश. "तक्रार नोंदली, क्रमांक ४८२१७" हा चार सेकंदांत गेला तर ब्रेलवर बोट पोचेपर्यंत संपलेला असतो. क्रमांक स्क्रीनवर कायम ठेवा, कॉपी करायचं बटन द्या. आपोआप जाणारे संदेश ठेवायचेच असतील तर ॲक्सेसिबिलिटी मॅनेजरला 'शिफारस केलेली मुदत' विचारा. वापरकर्त्याने सेटिंगमध्ये वाढवलेला वेळ तिथून मिळतो. अँड्रॉइड १० पासून ही सोय आहे.

दुसरी, उच्चारासाठी केलेली कारागिरी. ४८२१७ हे "अठ्ठेचाळीस हजार दोनशे सतरा" असं वाचलं जातं, म्हणून लोक कंटेंट डिस्क्रिप्शनमध्ये (टॉकबॅकने वाचायचा मजकूर) "४ ८ २ १ ७" असं सुटं लिहितात. कानाला बरं, पण ब्रेलवरही तेच सुटं उमटतं आणि आधीच अरुंद असलेल्या पट्टीची जागा खातं. मूळ मजकूर तसाच ठेवून त्यावर 'अंक' प्रकारचा टीटीएस स्पॅन (उच्चार कसा करायचा ही खूण) लावता येतो. मात्र प्रत्येक आवाजाचं इंजिन तो मानेलच असं नाही, मराठी आवाज लावून ऐकून बघा.

पूर्व_भाग

आवाजाचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या पूर्व भागात घरात तेलुगू, गल्लीत मराठी, फोन इंग्रजीत. टॉकबॅकचा आवाज इंग्रजीवर असेल तर देवनागरी मजकूर गाळला जाऊ शकतो किंवा त्याचा चुराडा होतो. ॲपला भाषा निवडायची स्वतंत्र सोय द्या आणि मजकुरावर भाषेची खूण लावा. अँड्रॉइडवर लोकेल स्पॅन, आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी लँग्वेज, वेबचं पान आत उघडत असाल तर लँग ॲट्रिब्यूट 'एमआर'. फोनवर मराठी आवाज उतरवलेला नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आणि रोमन लिपीतलं मराठी कुठेही नको, सूचनांमध्ये तर नकोच. इंग्रजी आवाज "पाणी" चं काय करतो ते एकदा ऐका.

संक्षेपही टाळा. "सो.म.पा.", "स. ६.३०", "जु. सोलापूर", सगळं पूर्ण लिहा. तारीख ०५/०६ अशी नको, "५ जून" लिहा.

सात_रस्ता

नकाशा आणि फोटोचं काय? तक्रारीत तेच दोन अडतील.

टॉकबॅकताई

नकाशावर पिन सरकवून जागा दाखवणं टॉकबॅकने होत नाही, हे गृहीत धरा. नकाशा राहू दे, पण सक्तीचा नको. त्याच्या आधी तीन पर्याय द्या: 'मी आहे ती जागा' हे बटन, विभाग मग पेठ मग जवळची खूण अशी यादी, आणि शोधण्याचा रकाना. जीपीएसने जागा घेतली की ती शब्दांत वाचून दाखवा, "अशोक चौकाजवळ, अंदाजे ३० मीटरच्या आत". नुसतं "जागा मिळाली" म्हणून भागत नाही. ती चुकली असेल तर कळणार कसं?

फोटो ऐच्छिक करा. गळका पाइप चौकटीत आला की नाही हे न दिसणाऱ्याने कसं ठरवायचं? त्याऐवजी बोलून तक्रार नोंदवू द्या. त्यातही एक खोच आहे. 'रेकॉर्ड करा' दाबलं की टॉकबॅक त्या बटनाचं नवं नाव बोलतो आणि तेच रेकॉर्डिंगमध्ये जातं. सुरुवात थोडी उशिरा करा आणि ती झाल्याची खूण कंपनाने द्या, आवाजाने नाही. उरलेल्या सेकंदांचा आकडा लाइव्ह रीजन (बदलला की आपोआप वाचला जाणारा भाग) करू नका, "एकोणतीस, अठ्ठावीस" म्हणत तो माणसाच्या बोलण्यावर बोलत बसतो. पाच सेकंद उरले की एक बारीक कंप पुरे.

बग_वेचक

ओटीपीचे सहा वेगळे चौकोन असतील तर मोडून एकच रकाना करा. चौकोनांत फोकस आपोआप उडी मारतो, प्रत्येक उडीला "संपादन चौकट" ऐकू येतं आणि मधला एक आकडा चुकला तर तो शोधून दुरुस्त करणं नको होतं. एसएमएस रिट्रीव्हर वापरून आकडा आपोआप भरा. तीस सेकंदांत संपणारा ओटीपी नको. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा तर मुळीच नको.

पण मुळात पाण्याची वेळ बघायला लॉगिन कशाला? तक्रारीपुरतं ठेवा.

कलम_४२

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या कायद्याचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे. आयएस १७८०२ हे त्यासाठीचं भारतीय मानक. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हे राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. ई-केवायसीत 'डोळे मिचकवा' असं सांगतात, त्या अटीवरूनच ते प्रकरण गेलं होतं. पुढेमागे पाणीपट्टी भरायची सोय जोडलीत तर हे लक्षात ठेवा.

नवी_पेठ

पैशांचा विषय आलाच तर: काही ॲप ॲक्सेसिबिलिटी सेवा चालू दिसली की सुरक्षेच्या नावाखाली उघडतच नाहीत. टॉकबॅक हीसुद्धा तसलीच सेवा असल्यामुळे अंध माणूस दाराबाहेर. तुम्ही कुठलं सुरक्षेचं किट जोडणार असाल तर ते हे करत नाही ना, बघून घ्या.

अवांतर: टँकरवाल्याला रोख द्यायची असेल तर नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲप आहे, २०२० पासून. इंटरनेटशिवाय चालतं.

कडक_भाकरी

पाणी नाही तर मणी. घ्या.

होटगीरोडकर

मूळ प्रश्नावर येतो. चार बटनांची पहिली स्क्रीन सगळ्यांना दिली तर माझा निम्मा आक्षेप संपला. उरलेला निम्मा तसाच आहे. स्मार्टफोनच नसलेले, किंवा घरातल्या नातवाच्या फोनवर अवलंबून असलेले. त्यांना ॲप कितीही सुगम केलंत तरी पोचणार नाही. बटनाच्या साध्या फोनवरून पैसे पाठवायला यूपीआय १२३पे आलं मार्च २०२२ मध्ये, मग पाण्याची वेळ फोन लावून का कळू नये?

बग_वेचक

हे पटलं. फोन लाइन करणार असाल तर: आधी काम सांगा, मग आकडा. "आजची वेळ ऐकण्यासाठी १" असं. "१ दाबा" आधी आलं तर ऐकेपर्यंत आकडा विसरतो. एका पातळीवर चारपेक्षा जास्त पर्याय नकोत. ० म्हणजे पुन्हा ऐका. उत्तराला किमान दहा सेकंद द्या, कारण टॉकबॅकवाल्याला फोन कानापासून काढून कीपॅड शोधावा लागतो. एकदा त्या नंबरवरून भाग निवडला की पुढच्या वेळी फोन लागताच थेट वेळ सांगा, मेनू नंतर. भाषा मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी.

पूर्व_भाग

आणि रेकॉर्डिंग माणसाच्या आवाजात, सावकाश, मागे संगीत न ठेवता. कानाने कमी ऐकणाऱ्यांना संगीतातून शब्द वेगळा काढता येत नाही.

चाटी_गल्लीकर

मोडचं बटन काढतो. डिझाइनवाल्याला हा धागा वाचायला दिलाय. चाचणीचं विचारायचं राहिलं. ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर (गूगलचं सुगम्यता तपासणारं ॲप) चालवला तर पुरेल का?

बग_वेचक

सुरुवातीला चालवा. नाव नसलेलं बटन, छोटी जागा, कमी कॉन्ट्रास्ट तो पकडतो. नाव आहे पण चुकीचं आहे, वाचनाचा क्रम उलटासुलटा आहे, खिडकी उघडली तरी फोकस मागच्या स्क्रीनवरच फिरतोय, हे त्याला कळत नाही. त्यासाठी टॉकबॅकच्या मेनूतून 'स्क्रीन लपवा' लावा आणि भाग निवडणे, सूचना चालू करणे, तक्रार नोंदवणे ही तिन्ही कामं काळ्या स्क्रीनवर पूर्ण करून दाखवा. मग टॉकबॅक बंद, अक्षर २०० टक्के, पुन्हा तीच कामं. स्वस्तातल्या कमी रॅमच्या फोनवरही बघा, तिथे आवाज मागे पडतो आणि दोन टॅपमध्येच स्क्रीन बदललेली असते.

पण हे सगळं डोळसाने केलेलं. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना बोलवा, आणि सगळे एकाच प्रकारचे नकोत. एक सरावलेला टॉकबॅकवाला, एक नव्याने नजर गेलेले, एक मंददृष्टी, एक ब्रेलवाला. त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

सहा_टिंब

यायला तयार आहे. त्याआधी सूचनांचं एक दुरुस्त करून ठेवा. 'पाणी आलं' आणि 'आज उशीर' यांना वेगवेगळे नोटिफिकेशन चॅनल द्या, म्हणजे ज्याला त्याला वेगळा आवाज किंवा कंपन लावता येईल. आणि पाण्याची वेळ संपली की सूचना आपोआप काढून टाकू नका. त्याच आयडीवर "भवानी पेठ, पाणी बंद झालं, पुढची वेळ शनिवारी" असं बदला, 'एकदाच वाजव' चालू ठेवून, म्हणजे फोन पुन्हा ओरडणार नाही आणि ब्रेलवर उशिरा पोचलेल्यालाही वाचायला काहीतरी उरेल.